विरजलेली खिडकी

काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकीपाशी जायचे. घरच्या माणसांचा नंबर नंतर. उजव्या हाताचा पालथा पंजा तावदानाला लावायचे, तापलेल्या पोराचं कपाळ पाहावं तसा, आणि एक आकडा बोलायचे. "एकोणचाळीस." मग वळून, "हं, कसं काय? बरे हा ना सगळे?" आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, वय झालं, डोक्यावर थोडा परिणाम झाला असावा. दुसऱ्यांदा आले तेव्हा मी प्रयोगशाळेतला तापमापक तयारच ठेवला होता. ते म्हणाले एक्केचाळीस. माझ्या तापमापकानं साडेएक्केचाळीस दाखवले. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "तो अर्धा तुह्या यंत्राचा नखरा हाय."

अकोल्यात त्यांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांची तावदानं, आरसे, देवाच्या तसबिरींच्या चौकटी. वऱ्हाडात कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला काकाजी म्हणतात, पण आमच्या भागात नुसतं काकाजी म्हटलं की हेच. अंगानं किडकिडीत, पांढरा सदरा, खिशात काच कापायची हिरकणी. सगळं आयुष्य काचेत गेलं, पण स्वतःच्या चष्म्याची डावी काच कायम तडकलेली. बदलत का नाही म्हणून विचारलं तर उत्तर तयार असायचं, "एवढी बारकी काच म्या कापत नाई, अन दुसऱ्यानं कापलेली मले पटत नाई."

गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. सत्तरी ओलांडलेली होती, चार दिवस ताप आला आणि गेले. त्यांच्याविषयी हसून सांगण्यासारखं खूप आहे आणि मी ते सांगणारही आहे. पण खरं सांगायचं तर मी लिहायला बसले ती एका रविवारपायी. त्या रविवारनंतर माझ्यासमोरची काच पांढरी झाली, की तिच्यामागे कोण आहे हे पाहिल्याशिवाय मला बसवत नाही. माझा धंदाच काचा पांढऱ्या करण्याचा आहे, त्यामुळे हे जरा अडचणीचं होतं.

मी मूळची अकोल्याची. तेव्हा अमरावतीला रसायनशास्त्रात संशोधन करत होते. विषय असा, की दोन काचांच्या मध्ये एक पातळ खळ भरायची. काच थंड असेल तोवर खळ पाण्यासारखी स्वच्छ राहते. ऊन वाढलं, काच तापली, की ती आपोआप दुधासारखी पांढरी होते आणि ऊन बाहेरच्या बाहेर परतवते. थंड झाली की पुन्हा स्वच्छ. वीज लागत नाही, पडदा ओढावा लागत नाही. यासाठी मला तळहाताएवढ्या काचांच्या जोड्या लागायच्या, मधली फट सगळीकडे सारखी. अमरावतीचे काचवाले हात जोडायचे. शेवटी बाबा म्हणाले, काकाजींना विचार.

काकाजींनी माझं सगळं ऐकून घेतलं. आधी थट्टा केली. "तुमच्या अमरावतीत काय पडदे भेटत नाई का?" मग मी पिशवीतून तयार नमुना काढला आणि दुकानाबाहेर उन्हात धरला. बघता बघता तो पांढरा झाला. काकाजी पुढे झाले. पालथा पंजा लावला.

"विरजली," ते म्हणाले.

दुधाचं दही व्हावं तशी काच विरजली. मी तीन वर्षं इंग्रजीतून जे लांबलचक लिहीत होते त्याला हा शब्द इतका चपखल बसला, की पुढे प्रयोगाच्या वहीतसुद्धा मी तोच लिहू लागले. आमच्या मार्गदर्शकांनी त्याखाली लाल रेघ मारली, ते सोडा.

"कितीवर विरजते?" काकाजींनी विचारलं.

"बेचाळीस-त्रेचाळीसला."

त्यांनी नमुना माझ्या हातात परत दिला. "मंग उशीर होते," एवढंच म्हणाले आणि दुकानात जाऊन काच कापायला लागले. मला वाटलं, त्यांना काम नकोय. तर पुढच्या शनिवारी माझ्या बारा जोड्या तयार, वर्तमानपत्रात गुंडाळून, प्रत्येकीवर माझं नाव. नाव म्हणजे 'म्याडम'.

त्यानंतर दर शनिवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला यायची आणि घरी जाण्याआधी त्यांच्या दुकानात थांबायची. काच कापताना ते कुणाशी बोलत नसत. हिरकणीची रेघ एकदाच ओढायची, दुसऱ्यांदा नाही. रेघ ओढताना काचेचा आवाज ऐकायचा. "वाकडी चाल्ली तं ते सांगते, आपण ऐकत नाई." मी एकदा हौसेनं कापायला घेतली. काचेनं सांगितलं असेलही, पण मी ऐकलं नाही आणि पाच टाके पडले. दवाखान्यात नेताना रिक्षात ते मला सबंध रस्ताभर रागावत होते आणि माझा हात मात्र स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळून धरला होता.

खळ कशाची बनते हे त्यांना फार आवडलं. ती झाडाच्या तंतूंपासून काढलेल्या पांढऱ्या भुकटीची असते. कापसापासूनही करता येते, असं मी म्हटलं मात्र, त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे कापसाचंच दही! अरे बाप्पा, मंग हे अमरावतीचं कसं, हे तं अकोल्याचं झालं." येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत सुटले, की म्याडम कापसाचं दही लावून राहिली.

पण दर शनिवारी एक प्रश्न ठरलेला असायचा. "कितीवर आणली?" मी सांगायची, अजून बेचाळीसच. एका शनिवारी मी सांगितलं, की मीठ टाकलं तर ती आधी विरजते. जितकं मीठ जास्त, तितकी लवकर. ते हातातलं काम ठेवून माझ्यासमोर बसले.

"अडतीसवर येईल?"

"येईल. पण अडतीसच का?"

तेव्हा त्यांनी मला काकूंचं सांगितलं. तोवर मला एवढंच माहीत होतं, की काकू आजारपणात गेल्या.

काकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, वाचाही गेलेली. काकाजींचं घर अकोट रस्त्याच्या बाजूला, गावाच्या टोकाशी. काकूंना रस्ता बघायची भारी हौस. कोण चाललं, कुणाच्या बैलगाडीत काय आहे, एसटीत गर्दी किती. रस्ता पश्चिमेला. म्हणून काकाजींनी त्यांच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत मोठी खिडकी काढली आणि सहा फूट रुंद, चार फूट उंच अशी एकच सलग काच बसवली. "जोड देला तं तिच्या रस्त्याच्या मधात रेघ आली असती." त्यांच्या हातचं सगळ्यात सुंदर काम ते. लोक बघायला यायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी ते तेल्हाऱ्याला एका दुकानाची काच बसवायला गेले. काकूंजवळ बसणारी बाई दोनला घरी गेली, काकाजी तीनला येणारच होते. पण तेल्हाऱ्याला आणखी एक काम निघालं आणि त्यांना उशीर झाला. इकडे लाइट गेली. कूलर बंद पडला. खिडकीतून ऊन सरकत सरकत खाटेवर आलं. काकूंना कूस बदलता येत नव्हती, हाक मारता येत नव्हती.

"साडेपाचले आलो," काकाजी म्हणाले. ते माझ्याकडे नाही, टेबलावरच्या काचेकडे बघत होते. "फाटकातून खिडकी दिसे. ते पाहून राहिली होती माह्याकडं. डोये उघडे. म्या हात हालवला. खूण करून विचारलं, चाय मांडू का म्हणून. अन मंग मांगं जाऊन हातपाय धुतले. माठातलं पानी पेलो. दोन गिलास. पहिले म्या पानी पेलो, पोरी. मंग आत गेलो."

दुकानात पंखा फिरत होता आणि टेबलावर माझ्या बारा जोड्या होत्या.

त्या दिवसापासून ती खोली बंद होती. आणि त्या दिवसापासून त्यांचा मुलगा प्रशांत त्यांच्याशी बोलत नव्हता. प्रशांत पातूरच्या शाळेत शिक्षक, रोज जाऊन-येऊन करायचा. बाप-लेक एकाच घरात, एकाच पंगतीला बसायचे, पण बोलणं सगळं सुनेमार्फत. मी स्वतः पाहिलंय. प्रशांत म्हणायचा, "वैशाली, त्यांना सांग, मीठ इकडं द्या." काकाजी वाटी सरकवायचे आणि म्हणायचे, "वैशू, त्याले म्हना, भाजीत मीठ हाय, आंधी चाखून पाह्य." वैशाली बिचारी दोघांच्या मध्ये पोळ्या लाटत बसलेली. एकदा ती वैतागून म्हणाली, "मी माहेरी गेल्यावर तुमी दोघं उपाशी मरसान." दोघंही हसले. पण वेगवेगळीकडे बघून.

वैशालीला दिवस गेले आणि गोष्ट हातघाईवर आली. बाळंतपण मे महिन्यात. खोली हवी. प्रशांतनं बायकोमार्फत निर्णय कळवला, की ती खिडकी विटांनी बुजवायची आणि मग खोली वापरायची. मिस्त्री ठरला. सोमवारी येणार. विटा येऊन अंगणात पडल्यासुद्धा. काकाजींनी मला अमरावतीला फोन केला. ते फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, त्या दिवशी मात्र आवाज हळू होता.

"पोरी, तिनं मांगतलेली खिडकी हाय ते. त्यानं बुजवली, तं म्या खून केला असा त्याचा अर्थ झाला. सुधरवली, तं चूक झाली होती असा झाला. मले चूक पाहिजे."

माझ्याकडची अडतीसची खळ चांगली जमली होती, पण ती तळहाताएवढ्या काचेपुरती. सहा बाय चारच्या खिडकीला बादलीभर लागणार. मी सगळी भुकटी पिशवीत घातली, कृती कागदावर लिहिली आणि अकोल्याला जाणाऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर पुढे पाठवून दिली, कारण मला शनिवारी संध्याकाळपर्यंत निघता येणार नव्हतं. भुकटी एवढी, पाणी एवढं, मीठ एवढं. पाणी आधी उकळून घ्या, म्हणजे बुडबुडे राहणार नाहीत. कोणतं पाणी, ते मी लिहिलं नाही. प्रयोगशाळेत पाणी म्हटलं की ऊर्ध्वपातित पाणीच, त्यात काय लिहायचं?

शनिवारी रात्री दहाच्या सुमारास मी पोचले तेव्हा काकाजींनी जुन्या काचेला आतून दुसरी काच जोडून फटीत खळ भरून घेतली होती. काठाला पट्टी, पट्टीवर चिकटण, कुठे एक बुडबुडा नाही. इतकी मोठी जोडी त्या वयात त्यांनी एकट्यानं कशी उभी केली असेल, देव जाणे. काच स्वच्छ होती. पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसत होते. उरलेली खळ तापवून ती कितीवर विरजते ते मी तपासायला हवं होतं. मी थकले होते, मला भूक लागली होती आणि वैशालीनं झुणका केला होता.

रविवारी अकरा वाजताच, नुसत्या झळांनी, खिडकी विरजायला लागली. आधी वरचा काठ, मग मध्य. बाराला पूर्ण पांढरी. खोलीत झगझगाट नव्हता, नुसता उजेड होता. वैशाली पोटावर हात ठेवून दारात उभी राहून बघत होती. "आई गं, किती शांत वाटते," ती म्हणाली.

प्रशांत तिच्यामागे उभा होता. एप्रिलचा पहिला आठवडा, बाहेर बेचाळीस. त्यानं काचेवरची नजर खाटेवर आणली. मग म्हणाला, "वैशाली, त्यांना सांग, तुला आणि बाळाला झोपवायच्या आधी मी झोपून पाहीन. पंखा बंद, कूलर बंद. आईच्या खाटेवर. आई होती तसा."

"काही काय बोलता!" वैशाली म्हणाली.

"दाराला आतून कडी लावीन. कोणी उघडायचं नाही, हाक मारायची नाही. संध्याकाळी काच साफ झाली की उठून येईन. आलो, तर उद्या मिस्त्रीला परत पाठवू." आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, कधी साफ होईल?"

मी मनात हिशोब केला. शेजारच्या गोदामाआड ऊन सव्वासहाला जातं. काच अडतीसच्या खाली यायला पंधरा-वीस मिनिटं. "साडेसहाला," मी ठामपणे सांगितलं.

एक वाजता कडी लागल्याचा आवाज आला.

काकाजींनी अंगणात खुर्ची टाकली, खिडकीच्या अगदी समोर. मी कडुनिंबाखाली बसले होते, त्यांना तिकडे बोलावलं, पण ते आले नाहीत. डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन ते त्या पांढऱ्या काचेकडे बघत बसले. तीन वाजता वैशालीनं ताक आणून दिलं, ते त्यांनी पायाशी ठेवलं. चारला ते एकदा उठले, काचेला पालथा पंजा लावला, आकडा बोलले नाहीत, परत येऊन बसले. ताक तसंच होतं. साडेपाच वाजले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की ही वेळ ते दररोज मोजत आले आहेत.

साडेसहा झाले. ऊन गोदामाआड गेलं होतं. काच पांढरीच.

"होईल," मी म्हटलं.

पावणेसात. रस्त्यावरून म्हशी घराकडे चालल्या होत्या. भिंतींतून वाफ येत होती. काच पांढरी. मी आकडे पुन्हा मनात मांडले, कुठे चुकतंय ते कळेना. मला पहिल्यांदा भीती वाटली. काचेची नाही, आत काय असेल त्याची. चार फुटांवर एक माणूस होता आणि तो जिवंत आहे की नाही हे आम्हाला दिसत नव्हतं.

"काकाजी, मी दार वाजवते," म्हणून मी वळले. माझ्यामागे त्यांनी हाक मारली. काकू गेल्यापासूनच्या चार वर्षांत त्यांनी ते नाव उच्चारलं नव्हतं.

"प्रशांत!"

आणि लगेच काच फुटल्याचा आवाज आला. मिस्त्रीसाठी आणलेल्या ढिगातली वीट त्यांनी उचलली होती आणि दोन्ही काचांतून आरपार घातली होती. मी धावत परत आले, तर ते उरलेल्या तुकड्यांना हातांनीच बाजूला ओढत होते, मनगटावरून रक्त, त्यावरून पांढरी खळ ओघळत होती, आणि ते आत बघायला धडपडत होते.

आत प्रशांत खाटेवर उठून बसला होता. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. तो गाढ झोपेतून उठला होता. अनवाणी काचेवरून चालत तो खिडकीपाशी आला.

"बाबा, काय केलं हे? बाबा! झोपलो होतो मी."

काकाजींनी त्याच्या गालाला हात लावला. रक्ताचा, खळीचा हात तसाच.

"तुही माय बी मले पाहून राहिली असंच वाटलं होतं रे," ते म्हणाले. "मले दिसत असून समजलं नाई. आता तं दिसतबी नोतं."

प्रशांतनं ते मनगट दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं, रक्त थांबावं म्हणून. मग तसंच धरून तो खिडकीच्या चौकटीला कपाळ टेकून रडला. चांगला मोठा माणूस, शाळेतल्या पोरांना घाबरवणारा, हुंदके देऊन रडला. वैशाली दार बडवत होती, ते उघडायलासुद्धा त्याला सुचलं नाही. दुपारी खाटेवर ठेवून दिलेल्या तापमापकाकडे मी पाहिलं. सवयच आहे माझी. खोली पस्तीसवर होती, बाहेरच्या त्या आगीत. प्रयोग उत्तम यशस्वी झाला होता.

नंतर आम्ही काचा गोळा केल्या. वैशालीनं प्रशांतच्या पायावर माठातलं गार पाणी ओतलं, ते फरशीवर पसरलं. त्या पाण्यात पडलेली पांढरी खळ बघता बघता स्वच्छ झाली आणि कुठे आहे ते दिसेनासं झालं. तळवे घसरायचे तेव्हा कळायचं. काकाजी पट्टी बांधलेल्या हातानं फरशी चाचपत होते. प्रशांत म्हणाला, "बाबा, राहू द्या. उठा." सरळ त्यांनाच म्हणाला.

सोमवारी मिस्त्री आला. प्रशांतनं त्याला खिडकी बुजवू दिली नाही, वर रुंद छज्जा ओतून घेतला. काकाजींनी साधी, आधीच्या निम्म्या आकाराची काच बसवली आणि आतून लाकडी झडप. दोन तुकडे जोडून बसवली, मध्ये रेघ आली, आली तर आली. मेमध्ये त्या खोलीत मुलगी जन्मली. त्या उन्हाळ्यात काकाजी दुपारचे दुकानात गेले नाहीत. बाळाच्या पाळण्याजवळ हातपंखा घेऊन खोलीच्या आत बसायचे, आणि मिनिटामिनिटाला पोरीच्या नाकाशी बोट धरून बघायचे. वैशाली रागवायची, "निजू द्या ना तिले!"

त्या दिवशीची थोडी खळ मी बाटलीत भरून अमरावतीला नेली होती. तापवून पाहिली. ती अडतीसला नाही, चौतिसाला विरजत होती. एप्रिलच्या संध्याकाळी चौतीस कुठून यायला? रात्री आठ-नऊपर्यंत ती काच साफ होणं शक्यच नव्हतं. पुढच्या शनिवारी मी काकाजींना विचारलं, पाणी कोणतं वापरलं?

"घरचं. बोअरचं."

त्यांच्या घराकडचा सगळा पट्टा खारपाणाचा. जमिनीतलं पाणी इतकं खारट की तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. "मीठ टाकाचंच होतं ना," ते म्हणाले, "मंग आपलं पानी काय वाईट? अन तू उकळून घ्या म्हनलं. म्या चांगलं चुलीवर आटवलं. चार घागरीचं एक घागर केलं."

मिठाचं पाणी चौपट आटवून त्यात पुन्हा मोजून मीठ. मी कपाळाला हात लावला. मग म्हटलं, चूक माझीच, मी लिहायला हवं होतं आणि शनिवारी मोजायला हवं होतं. काकाजींनी पट्टी बांधलेला हात झटकला. "चूक बरी झाली. टायमावर साफ झाली असती, तं तो उठून आला असता, मिस्त्रीले वापस पाठोलं असतं, अन वैशूले म्हनला असता, त्यांना सांग."

मला हायसं वाटलं. मी जायला उठले. तेव्हा त्यांनी विचारलं. मला वाटतं, पहिल्या दिवशी नमुना हातात घेतला तेव्हापासून त्यांना हेच विचारायचं होतं.

"म्याडम, तू उन्हाचा हिशोब करते. खोली कितीची, काच कितीची, ऊन खाटेवर कवा आलं, सारं मी तुले सांगतो. तू मले एक काढून दे. म्या हात हालवला, तवा ते होती का?"

त्यांनी कागद आणला होता. खोलीची लांबी-रुंदी, खिडकीची मापं, लाइट कधी गेली, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं. काचेची मापं लिहितात तसं, चौकटीत. पाणी प्यायलेल्या वेळेचाही आकडा होता.

असा हिशोब होत नाही. काच किती तापली ते सांगता येईल, हवा किती तापली तेही. माणूस किती वेळ तग धरतो ते कुठल्याच सूत्रात बसत नाही. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी कागद घेतला, त्यांच्यासमोर बसून पेननं वीस मिनिटं आकडे लिहिले, भागाकार केले, खोडले. मग म्हटलं, "नव्हत्या, काकाजी. साडेपाचला नव्हत्या. तीनला सगळं संपलं होतं."

"तीनले?"

"तीनला. फार तर सव्वातीन."

"तवा मी तेल्हाऱ्यालेच होतो," ते म्हणाले. मग कागद मागून घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला.

त्यानंतर ते जवळजवळ तीन वर्षं जगले. माझं संशोधन संपलं, अमरावतीलाच नोकरी लागली, भेटी कमी झाल्या. माझ्या प्रयोगशाळेच्या पश्चिमेच्या खिडक्यांना आता तीच काच आहे. दुपारी सगळ्या एकदम विरजतात, बाहेर बाकावर बसलेले विद्यार्थी दिसेनासे होतात, आणि मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाऊन त्यांना पाहून येते. मुलांना वाटतं, मॅडम फार कडक आहेत, सारख्या नजर ठेवतात.

काकाजी गेल्याचं कळलं तेव्हा मी अकोल्याला भेटायला गेले. प्रशांत अंगणात सतरंजीवर बसला होता, मांडीवर मुलगी. तो बरंच बोलला. बाबा कसे शेवटी दुकानाचं विसरले होते, नातीला कसे रागवायचे. मग त्यानं मुलीला वैशालीकडे पाठवलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, बाबांच्या सदऱ्यात तुमचा कागद सापडला. त्यांनी मला सांगितलं होतं, तुम्ही शास्त्रानं काढून दिलं, की आई तीनलाच गेली. मी त्या कागदाकडं खूप वेळा पाहिलं. मला विज्ञान शिकवावं लागतं शाळेत." त्यानं सतरंजीची सुरकुती सरळ केली. "त्यातले आकडे मला जुळत नाहीत. मलाच येत नसतील. बरोबर आहेत ना?"

माझ्यासमोर चहा होता. प्रशांत माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याचे डोळे अगदी बापासारखे होते.

"बरोबर आहेत," मी म्हटलं. "तीनलाच."